गावात सौर प्रकल्प येतोय: जमीन द्यावी का, आणि गायरानाचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गावच्या वीज उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प येतोय. त्यासाठी गायरान हवंय आणि लागून असलेल्या काही शेतकऱ्यांची जमीन भाड्याने हवीय. तुमचे वडील चार एकर द्यायला तयार आहेत. गायरानावर वर्षानुवर्षं पेरणी करणारी कुटुंबं मात्र विरोधात आहेत. ग्रामसभेत ठराव येणार आहे आणि जो शंका काढेल त्याला ‘तुला शेतकऱ्याला दिवसा वीज मिळायला नको का?’ म्हणून गप्प केलं जातंय. अशा वेळी बाजू कुणाची घ्यायची, स्वच्छ ऊर्जेची की गायरानावरच्या माणसांची?

प्रकल्पाला पाठिंबा द्या. पण त्यासाठी गायरान ज्या पद्धतीने घेतलं जातंय तिला ग्रामसभेतच विरोध करा, ठराव होण्याआधी. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. मी बरीच वर्षं वीज वितरणात काढली आणि आता गावांना असे करार वाचायला मदत करतो, त्या अनुभवावरून हे म्हणतोय.

आधी दिवसाच्या विजेबद्दल, कारण ती मागणी खरी आहे आणि तिची टिंगल कुणी करू नये. शेतीची थ्री फेज वीज आळीपाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं म्हणजे साप, विंचू, आणि जुन्नर-संगमनेर पट्ट्यात बिबट्याही. थंडीत गव्हाला पाणी देताना मध्यरात्री पाय गारठतात, बांध फुटला तरी दिसत नाही. म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो, म्हणजे वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारं उपकरण, बसवतो आणि घरी झोपतो. मग होतं असं, की लाइट आली की एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते. डीपीवर भार पडतो, व्होल्टेज कोसळतं, शेवटच्या टोकाच्या मोटरीचं वाइंडिंग जळतं आणि कधी कधी डीपीच जळते. ती बदलून मिळेपर्यंत पीक वाळतं. उपकेंद्राच्या 11 केव्हीच्या बाजूलाच, म्हणजे जिथून गावांकडच्या वाहिन्या निघतात तिथे, सौर वीज सोडली की ती वीज जवळच वापरली जाते, लांबून आणण्याची गळती वाचते आणि पुरवठा दिवसा देता येतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच विचारावर उभी आहे. 2017 मध्ये राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीपासून तिची सुरुवात झाली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला आणि त्यातला पहिला 3 मेगावॉटचा प्रकल्प 2024 मध्ये वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सुरू झाला. विजेच्या दृष्टीने ही कल्पना चांगली आहे, यात मला शंका नाही.

हिशेबाकडे वळतो, कारण गावात सगळ्यात कमी बोललं जातं ते याच्याबद्दल.

शेतीला वीज पोचवायचा खर्च सरकारी हिशेबात युनिटला 8 रुपयांच्या आसपास सांगितला जातो. सौर वाहिनीची वीज 3 रुपयांच्या आसपास पडते. शेतकरी आधीही पूर्ण दर देत नव्हता, आणि 2024 च्या बळीराजा योजनेपासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना, म्हणजे सुमारे 44 लाख शेतकऱ्यांना, वीज मोफत आहे. ही तूट भरून निघते दोन ठिकाणांहून: राज्याची तिजोरी आणि उद्योग-व्यापाऱ्यांचं महागडं बिल. म्हणजे सौर वाहिनीमुळे युनिटमागे जे पाच रुपये वाचतात त्यांतला बहुतेक वाटा तिजोरी, महावितरण आणि कारखानदार यांच्या पदरात पडतो. शेतकऱ्याला मिळते ती दिवसाची वीज. तीही मोठी गोष्ट आहे, पण पैशांची बचत त्याच्या घरात येत नाही, हे मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे.

1 मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर जमीन लागते. महाराष्ट्रातल्या उन्हात त्यातून वर्षाला सोळा लाख युनिटच्या आसपास वीज निघते. 3 रुपये दराने वर्षाचे 48 लाख रुपये. उभारणीला मेगावॉटमागे साडेतीन ते चार कोटी लागतात आणि त्यात शेतीच्या सौर विजेसाठीच्या केंद्राच्या कुसुम योजनेतून मेगावॉटमागे 1 कोटी 5 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. कर्जाचे हप्ते, विमा, देखभाल, पॅनेल धुणं हे सगळं 48 लाखांतूनच जातं, तेव्हा कंपनीला फुकट पैसा मिळतो असं मी म्हणणार नाही. बोली लावून दर इतके खाली आलेत की नफा फार मोठा उरत नाही. पण जमिनीचा वाटा बघा. खासगी जमिनीला हेक्टरी 1 लाख 25 हजार, म्हणजे एकरी 50 हजार रुपये वर्षाला. चार एकरांचे 2 लाख. 48 लाखांच्या उत्पन्नात जमीनमालकाचा वाटा चार टक्क्यांच्या जवळपास, युनिटमागे साडेबारा पैसे.

तरीही कोरडवाहू सोयाबीनच्या जमिनीला एकरी 50 हजार हा वाईट सौदा नाही. सोयाबीन पडत्या भावात विकून, खत-बियाणं-फवारणी-मळणी वजा जाता एकरी किती उरतं ते तुमच्या वडिलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. भाडं पाऊस न बघता येतं. त्यांची इच्छा मला समजते आणि जमीन माळरानाची असेल तर मी त्यांना अडवणार नाही. विहिरीखालची बागायत असेल तर देऊ नका, असंच सांगेन.

पण भाडेवाढीचं कलम नीट वाचा. दरवर्षी 3 टक्के वाढ म्हणतात. ती आदल्या वर्षीच्या भाड्यावर आहे की पहिल्या वर्षीच्या मूळ भाड्यावर, हे करारात बघा. चक्रवाढ धरली तर आजचे 50 हजार 25 वर्षांनी सुमारे 1 लाख 5 हजार होतात. मूळ भाड्यावर सरळ वाढ असेल तर 87,500. आता महागाई वर्षाला 5 टक्के धरा. आजच्या 50 हजारांची खरेदीशक्ती टिकवायला तेव्हा 1 लाख 69 हजार लागतील. म्हणजे करार संपता संपता भाड्याची खरी किंमत आजच्या 31 हजारांवर, आणि सरळ वाढ असेल तर 26 हजारांवर आलेली असेल. तोवर सातबारावर तुमच्या मुलांची नावं असतील. हा हिशेब कागदावर लिहून वडिलांपुढे ठेवा आणि मग निर्णय त्यांच्यावर सोडा.

आणखी दोन गोष्टी याच करारातल्या. भाडं कोणत्या तारखेपासून सुरू होतं: ताबा दिल्यापासून, नोंदणीपासून की वीज सुरू झाल्यापासून? जमीन अडकून पडते, पेरणी थांबते आणि भाडं सुरू व्हायला दोन हंगाम जातात, असं मी पाहिलंय. दुसरी गोष्ट सातबारावरच्या सहधारकांची. आत्या किंवा बहिणी सहधारक असतील तर भाड्यात त्यांचाही वाटा आहे. सहीपुरतं त्यांना तहसीलला आणून नंतर खातं एकट्या भावाच्या नावावर उघडायचं, हे गावोगाव चालतं. ते करू नका.

गायरानाचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खासगी जमिनीला एकरी 50 हजार मिळतात. सरकारी जमीन मात्र प्रकल्पाला नाममात्र 1 रुपया भाड्याने जाते. वीस एकर गायरान घेतलं तर खासगी जमिनीला जे वर्षाचे 10 लाख द्यावे लागले असते ते वाचतात. हे वाचलेले पैसे विजेच्या स्वस्त दरात मिसळून जातात आणि मग ‘3 रुपयांची वीज’ म्हणून त्याचं कौतुक होतं. ते 10 लाख भरतं कोण? गायरानावर ज्यांच्या शेळ्या चरतात ते, जी बाई तिथून सरपण आणते ती, आणि ज्या भूमिहीन कुटुंबानं तीस-चाळीस वर्षं तिथे ज्वारी-बाजरी काढली ते. गावातल्या सगळ्यात गरीब माणसानं राज्याच्या वीज हिशेबाला दिलेलं हे अनुदान आहे. त्याला कुणी विचारलेलं नाही, आणि कोणत्याही ताळेबंदात त्याची नोंद नाही.

मराठवाड्यात या जमिनीला इतिहासही आहे. दादासाहेब गायकवाडांनी 1959 मध्ये भूमिहीनांचा जो सत्याग्रह उभा केला त्याची मागणी हीच होती, की पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या. पुढे 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमानुकूल करायचं ठरलं. गावोगाव ते काम अर्धवट राहिलं. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या जगपाल सिंग निकालात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, हे ग्रामसभेत तुम्हाला नक्की ऐकवलं जाईल. त्याच निकालात अपवादही आहे. सरकारी अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जमीन पट्ट्याने दिलेली असेल, तर ती अपवाद म्हणून नियमित करता येते, असं त्यात म्हटलंय. तो भाग तुम्ही वाचून दाखवा. तलाठ्याकडे गाव नमुना 1-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, असते. तिच्या नकला काढा. दंडाच्या जुन्या पावत्या, पीकपाहणीतल्या नोंदी, पंचनामे, जे असेल ते त्या कुटुंबांनी ठरावाआधी एकत्र करून ग्रामसेवकाकडे द्यावं आणि पोच घ्यावी. ठराव झाल्यावर हीच कागदं घेऊन फिरणं फार अवघड जातं.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल की मग कोळसाच बरा. अजिबात नाही. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र 2,920 मेगावॉटचं आहे आणि त्याची धूळ-राख आजूबाजूच्या माणसांनी दशकानुदशकं श्वासात घेतली आहे. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राख शेतांत, ओढ्या-नद्यांत गेली. मराठवाड्यातली मोटर रात्री चालते तेव्हा तिचा खर्च विदर्भातलं कुणीतरी फुप्फुसांनी भरत असतं. सौर प्रकल्प अडवणारा माणूस हा भार त्यांच्यावर आणखी काही वर्षं ढकलतो. म्हणून मी विरोधासाठी विरोध करणाऱ्यांबरोबर नाही.

पण धूर नाही म्हणून अन्याय नाही, असं समजायला आपल्याकडे तरी जागा नाही. मुळशीचं धरण हे आजच्या भाषेत हरित ऊर्जेचंच होतं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, मावळ्यांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती, आणि 1921 मध्ये सेनापती बापट त्यांच्या बाजूने उभे राहिले. धरण झालंच. कोयनेच्या 1,960 मेगावॉटवर महाराष्ट्राचे उद्योग वाढले आणि कोयनेचे प्रकल्पग्रस्त आज तिसऱ्या-चौथ्या पिढीत पुनर्वसनाची कागदपत्रं घेऊन आंदोलनाला बसतात. सौर प्रकल्पात कुणाचं गाव बुडत नाही, त्यामुळे नुकसान दिसत नाही. ते थोडं थोडं आणि विखुरलेलं असतं.

कर्नाटकात तुमकुरू जिल्ह्यात पावगडा इथे हे स्पष्ट दिसलं. पाच गावांची मिळून सुमारे 13 हजार एकर जमीन भाड्याने घेऊन 2,050 मेगावॉटचं सौर उद्यान उभं राहिलं. सुरुवातीचं भाडं होतं एकरी 21 हजार. दुष्काळी भागातल्या जमीनमालकांना त्याचा आधार झाला, हे खरं. पण ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांची खुरपणी-काढणीची मजुरी गेली आणि भाड्यातलं काहीच त्यांच्याकडे आलं नाही. प्रकल्प उभा राहताना खड्डे खणायला माणसं लागतात, नंतर लागतात फक्त रखवालदार, गवत काढणारे आणि पॅनेल धुणारे. तुमच्या गावात बटाईने कसणारे किती आणि मजुरीवर जगणाऱ्या बायका किती, याची यादी ग्रामसभेआधी करा. ठरावाच्या मसुद्यात ही माणसं कुठेच नसतात.

गावाला काय मिळतं? योजनेत ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख असे तीन वर्षं, एकूण 15 लाख आहेत. चौथ्या वर्षापासून काही नाही, प्रकल्प मात्र 25 वर्षं चालणार. जलविद्युत प्रकल्पांना आपल्याच देशात वेगळा नियम आहे. तिथे ज्या राज्यात धरण आहे त्याला 12 टक्के वीज मोफत मिळते आणि 2008 च्या धोरणानुसार आणखी 1 टक्का स्थानिक भागाच्या विकासासाठी. हाच 1 टक्का सौर प्रकल्पाला लावला तर 5 मेगावॉटच्या प्रकल्पातून गावाला वर्षाला 80 हजार युनिट, म्हणजे 2 लाख 40 हजार रुपये मिळतील, आणि तेही 25 वर्षं. नदीसाठी जो न्याय तो उन्हासाठी का नाही, हे आमदारांना विचारायला हवं. ज्या प्रकल्पाचा दर बोलीत आधीच ठरलाय त्याच्याकडून हे मिळवणं अवघड आहे, म्हणून ही मागणी पुढच्या निविदांच्या अटींत जायला हवी. गावाने तसा वेगळा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा.

मालकीच गावाची का नको, असंही तुम्ही विचारलंय. कुसुमच्या पहिल्या घटकात शेतकरी, सहकारी संस्था, पंचायती यांना 500 किलोवॉट ते 2 मेगावॉटचा प्रकल्प स्वतः उभारायची सोय आहे. कागदावर उत्तम. अडतं ते भांडवलाशी: चार कोटींतला स्वतःचा हिस्सा, बँकेचं तारण, आणि महावितरणचे पैसे उशिरा आले तर हप्ता भरायची ताकद. सहकाराचं नाव घेतलं की आपल्याला प्रवरानगर आठवतं, पण विजेतलं उदाहरण श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज संस्थेचं आहे. ग्राहकांची स्वतःची वितरण संस्था होती ती, चार दशकं चालली, थकबाकीत बुडाली आणि 2011 मध्ये तिचा परवाना गेला. वसुली करायचं धाडस निवडून आलेल्या संचालकांना होत नव्हतं. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात 2016 मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी संस्था काढली आणि उरलेली वीज ग्रिडला विकली. तिथे वसुलीचा प्रश्नच नव्हता, कारण विकत घेणारी वीज कंपनी होती. गावाची संस्था काढायची तर ती फक्त वीज तयार करणारी असावी, वाटणारी नको.

धुंडीत पाण्याचंही काहीतरी साधलं. उरलेली वीज विकता येते म्हटल्यावर मोटर विनाकारण चालू ठेवण्यात तोटा दिसायला लागतो. आपल्याकडे उलट होणार आहे. वीज मोफत, तीही दिवसा, भरवशाची. मग उसाला मोकाट पाणी आणि बोअर आणखी खोल. रात्रीच्या विजेचा त्रास हीच आजवर भूजलावरची एक क्रूर मर्यादा होती. ती गेली की तिची जागा गावाच्या नियमानं घ्यायला हवी. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पीक ठरवलं. तुमच्या गावाला एका ठरावात तेवढं जमणार नाही, पण सौर वाहिनीचा ठराव ज्या दिवशी होईल त्याच दिवशी नव्या बोअरच्या खोलीचा विषयही घ्या. सगळे हजर असण्याचा तेवढाच दिवस असतो.

राजकारणाबद्दल एवढंच सांगतो की दलालांपासून जपा. उपकेंद्र कुठलं निवडलं जाणार याची बातमी काही जणांना आधी कळते आणि शेजारच्या जमिनींची साठेखतं, म्हणजे खरेदीचे आगाऊ करार, आधीच होतात. बीड जिल्ह्यातली मस्साजोगच्या सरपंचांची डिसेंबर 2024 मधली हत्या तुम्हाला माहीतच आहे. तपास यंत्रणेने आरोपपत्रात तिचा संबंध पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी जोडला आहे. या धंद्यात इतका पैसा आणि इतकी दहशत आली आहे. म्हणून एकट्यानं विरोध करू नका, एकट्यानं वाटाघाटीही करू नका. जे कराल ते दहा-पंधरा कुटुंबांच्या सह्यांनिशी, लेखी आणि पोच घेऊन.

ग्रामसभेत मांडायचा मसुदा मी असा करेन: गाव सौर प्रकल्पाला पाठिंबा देतं. प्रकल्प आधी खासगी माळरानावर, स्वखुशीने दिलेल्या जमिनीवर व्हावा. गायरानातला जो भाग नमुना 1-ई मध्ये नोंदलेला आहे किंवा ज्यावर नियमानुकूल करण्याचे अर्ज प्रलंबित आहेत, तो निकाल लागेपर्यंत वगळावा. उरलेल्या गायरानातून गुरांच्या पाणवठ्याकडे जाणारी वाट कुंपणाबाहेर ठेवावी. रखवाली, गवत आणि धुलाईची कामं भूमिहीन कुटुंबांतल्या बायका-पुरुषांना मिळावीत, त्यांची यादी ठरावाला जोडलेली असावी. पंचायतीच्या 15 लाखांतला ठरावीक हिस्सा चराईचं नुकसान झालेल्यांसाठी चाऱ्यावर खर्च व्हावा. करार संपल्यावर पॅनेल, लोखंडी खांब आणि काँक्रीट काढून जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी कंपनीची, आणि त्यासाठी अनामत आधी. 2022 च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेल आले आहेत, तेव्हा ही मागणी जगावेगळी नाही.

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागलीय का ते बघा, विषयपत्रिकेत गायरानाचा गट नंबर स्पष्ट लिहिलाय का तेही बघा. ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून हा ठराव आणला तर तिथेच हरकत नोंदवायला लावा. आणि गायरानावरच्या बायकांना सभेला पुढे बसवा. त्यांच्यापैकी एकीनं तरी बोललं पाहिजे. काय बोलायचं ते आदल्या रात्री त्यांच्याबरोबर बसून ठरवा.